चांगीहून परतलेला कर्णधार

३१ ऑगस्ट १९६८. वेल्समधील स्वान्सी शहराचे समुद्राकाठचे सेंट हेलेन्स मैदान. नॉटिंगहॅमशायरचा कर्णधार गारफिल्ड सोबर्स याने ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅशच्या एका षटकातील सहाही चेंडू सीमेपार भिरकावले. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये असा पराक्रम तोवर कुणीही केला नव्हता. बीबीसी वेल्सचे कॅमेरे सुदैवाने त्या दिवशी मैदानावर होते, म्हणून ते षटक आजही पाहता येते. षटकारागणिक त्या चित्रफितीतील समालोचकाचा आवाज चढत जातो आणि अखेरच्या चेंडूला तर त्याला आनंद आवरत नाही. मार खात होता तो समालोचकाचा स्वतःचा संघ. तरीही त्या आवाजात कडवटपणाचा लवलेश नाही.

जानेवारी १९८५ मध्ये वानखेडे स्टेडियमवर रवी शास्त्रीने बडोद्याच्या तिलक राजला सहा चेंडूंत सहा षटकार ठोकले, तेव्हा मुंबईकरांनी सोबर्सच्या त्याच षटकाचे स्मरण केले. योगायोग असा की पुढे १९८७ साली शास्त्री ग्लॅमॉर्गनकडूनच काउंटी क्रिकेट खेळू लागला. सोबर्सचे षटक आणि शास्त्रीचे षटक यांची तुलना आपल्याकडे पुष्कळ झाली. त्या चित्रफितीतला आवाज कुणाचा, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

तो आवाज विल्फ वूलर यांचा. वेल्सच्या क्रीडा इतिहासात त्यांच्याइतका गाजलेला आणि त्यांच्याइतका वादग्रस्त माणूस शोधून सापडणार नाही. रग्बीत त्यांनी वेल्सचे नेतृत्व केले, क्रिकेटमध्ये ग्लॅमॉर्गनला पहिले अजिंक्यपद मिळवून दिले, स्क्वॉशमध्ये वेल्सचे प्रतिनिधित्व केले, फुटबॉलही ते खेळले. त्यांच्या कारकिर्दीचा शोध घेऊ पाहणाऱ्यासमोर आकड्यांचे दोन तक्ते येतात. रग्बीचा तक्ता १९३३ साली सुरू होतो आणि १९३९ मध्ये एकाएकी थांबतो. क्रिकेटचा तक्ता १९३५ मध्ये सुरू होतो, १९३९ नंतर खंडित होतो आणि १९४६ मध्ये पुन्हा उघडतो. मधली सहा वर्षे कोरी आहेत. वूलर यांचे चरित्र समजून घ्यायचे तर या कोऱ्या जागेपासूनच सुरुवात करावी लागते.

विल्फ्रेड वूलर यांचा जन्म २० नोव्हेंबर १९१२ रोजी उत्तर वेल्सच्या किनाऱ्यावरील ऱ्होस-ऑन-सी या गावी झाला. वेल्सची रग्बी म्हणजे दक्षिणेकडील कोळसा खाणींच्या खोऱ्यांची आणि गोद्यांची रग्बी. उत्तरेत या खेळाचे वेड तुलनेने कमी. वूलर यांनी शिक्षण घेतले ते कोल्विन बे येथील रायडल या शाळेत. सहा फुटांहून अधिक उंची, लांब ढांगा टाकीत धावण्याची विलक्षण गती आणि मैदानाच्या मध्यापासून गोलपर्यंत चेंडू धाडणारी लाथ, या तीन गोष्टींमुळे निवड समितीची नजर दक्षिणेची खोरी ओलांडून थेट या शाळेपर्यंत पोहोचली.

२१ जानेवारी १९३३ रोजी लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानावर वेल्स विरुद्ध इंग्लंड हा सामना झाला तेव्हा वूलर वीस वर्षांचे होते आणि केंब्रिजच्या प्रवेशाच्या तयारीसाठी अद्याप शाळेतच होते. ट्विकेनहॅमवर आंतरराष्ट्रीय सामने सुरू झाले ते १९१० साली आणि तेव्हापासून वेल्सला तेथे एकदाही विजय मिळाला नव्हता. दर दोन वर्षांनी वेल्सचे लोक गाड्या भरभरून लंडनला जात आणि पराभव घेऊन परतत. त्या दिवशी वेल्सने ७-३ असा विजय मिळविला. सातही गुण रॉनी बून या एकाच खेळाडूचे होते. वूलर यांच्याबरोबर व्हिव्हियन जेंकिन्स यांचेही त्या सामन्यात पदार्पण झाले. याच संघात मॉरिस टर्नबुल नावाचा एक खेळाडू होता. वूलर यांच्या पुढील आयुष्याशी त्याचे नाव कायमचे जोडले जाणार होते.

टर्नबुल हे कार्डिफचे. इंग्लंडकडून कसोटी क्रिकेट आणि वेल्सकडून आंतरराष्ट्रीय रग्बी अशी दुहेरी कामगिरी करणारे ते एकमेव खेळाडू. १९३६ साली लॉर्ड्सवर भारताविरुद्ध ते कसोटी सामना खेळले होते. मात्र त्यांचे खरे कार्य ग्लॅमॉर्गन क्लबात होते. १९२१ साली काउंटी अजिंक्यपद स्पर्धेत दाखल झालेला हा क्लब वर्षानुवर्षे तळाशी असे आणि तिजोरीत नेहमी खडखडाट असे. टर्नबुल यांनी १९३० पासून कर्णधारपद आणि जोडीला चिटणीसपद सांभाळले, गावोगावी नृत्याचे कार्यक्रम भरवून वर्गण्या गोळा केल्या आणि बुडू पाहणारा क्लब तगवला.

इकडे वूलर केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. विद्यापीठाच्या रग्बी संघात ते तीन वर्षे खेळले, क्रिकेट संघात १९३५ आणि १९३६ अशी दोन वर्षे. या क्रिकेट संघात त्यांचे एक सहकारी होते जहांगीर खान. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताने आपला पहिला कसोटी सामना खेळला त्या संघातले हे वेगवान गोलंदाज. १९३६ मध्ये लॉर्ड्सवर त्यांनी टाकलेल्या चेंडूने उडत्या चिमणीचा बळी घेतला आणि ती चिमणी पेंढा भरून आजही तेथील संग्रहालयात ठेवली आहे. केंब्रिजमध्ये जुळलेला हा स्नेह तीस वर्षांनंतर ग्लॅमॉर्गनच्या उपयोगी पडणार होता.

केंब्रिजमध्ये असतानाच वूलर यांच्या आयुष्यातला सर्वांत गाजलेला सामना झाला. २१ डिसेंबर १९३५ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्सची गाठ न्यूझीलंडशी पडली. धुके होते, कडाक्याची थंडी होती. गोठू नये म्हणून मैदानावर अंथरलेला पेंढा सामन्यापूर्वी काढून कडेला ढीग करून ठेवला होता. वेल्सचे नेतृत्व क्लॉड डेव्ही करीत होते. आघाडीला क्लिफ जोन्ससारखा चपळ खेळाडू होता आणि त्याला चेंडू पुरविणारा हेडन टॅनर तर अवघा शाळकरी मुलगा होता.

रग्बीत चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीवर टेकविला की ट्राय होतो. त्या काळी ट्रायला तीन गुण मिळत. वूलर यांनी बचावफळी भेदून, समोरच्या शेवटच्या खेळाडूच्या डोक्यावरून चेंडू पुढे मारला आणि त्याच्या मागे धाव घेतली. चेंडूने त्यांना चकवा दिला आणि तो उसळून मागून येणाऱ्या जेफ्री रीस-जोन्सच्या हातात पडला. ट्राय झाला. पुढे न्यूझीलंडने १२-१० अशी आघाडी घेतली. सामना संपायला सुमारे दहा मिनिटे उरली असताना वेल्सच्या डॉन टार यांची मान मोडली आणि त्यांना स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. बदली खेळाडू घेण्याची सोय तेव्हा नव्हती. वेल्सचे चौदा जण उरले.

त्याच वेळी वूलर यांनी पुन्हा तोच डाव टाकला. पुन्हा चेंडू पुढे मारला, पुन्हा त्याच्या मागे धावले, पुन्हा चेंडू त्यांच्या आवाक्याबाहेर उसळला. आपल्याच वेगाने ते रेषेपलीकडे जाऊन कडेच्या पेंढ्याच्या ढिगात कोसळले. संधी हुकली असे त्यांना वाटले. तेवढ्यात हजारो प्रेक्षकांचा गजर त्यांच्या कानी पडला. रीस-जोन्सने दुसऱ्यांदा चेंडू टेकविला होता. वेल्सने सामना १३-१२ असा जिंकला. न्यूझीलंडवर वेल्सचे विजय तीनच, १९०५, १९३५ आणि १९५३ सालचे. त्यांतल्या मधल्या विजयाचा शिल्पकार विजयाच्या क्षणी पेंढ्यात तोंड खुपसून पडलेला होता. ही हकीकत वेल्समध्ये पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते.

पदवी घेतल्यावर वूलर कार्डिफला कोळशाच्या व्यापारात नोकरीस लागले. कार्डिफच्या रग्बी क्लबचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले, पाठोपाठ वेल्सचेही. १९३८ मध्ये टर्नबुल यांच्या नेतृत्वाखाली ते ग्लॅमॉर्गनकडून क्रिकेट खेळू लागले. १९३९ च्या उन्हाळ्यात पाहुण्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध त्यांनी शतक झळकाविले. वय सत्तावीसच्या आत, दोन्ही खेळांत नाव झालेले, अंगात रग आणि समोर दहा वर्षांची कारकीर्द. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाले.

युद्धाची चाहूल लागताच कार्डिफच्या परिसरातील अनेक खेळाडू एकाच पलटणीत दाखल झाले होते. विमानवेधी तोफांची ही ७७ वी रेजिमेंट. कार्डिफ रग्बी क्लबचे माजी कर्णधार लेस स्पेन्स हेही तिच्यात होते. सुरुवातीची दोन वर्षे पलटण ब्रिटनमध्येच राहिली. डिसेंबर १९४१ मध्ये ती जहाजावर चढली तेव्हा तिचा मुक्काम मध्यपूर्वेत असणार अशी अपेक्षा होती. परंतु त्याच महिन्यात जपानने युद्धात उडी घेतली. मलायात जपानी फौजा वेगाने सरकू लागल्या आणि जहाजांचा हा ताफा पूर्वेकडे वळविण्यात आला. फेब्रुवारी १९४२ मध्ये वूलर जावा बेटावर उतरले. याच महिन्यात, १५ तारखेला, सिंगापूर पडले. १ मार्चला जपानी सैन्य जावावर उतरले आणि आठवडाभरात डच सत्तेने शरणागती पत्करली. कार्डिफच्या मैदानांवर एकत्र खेळलेली ही मंडळी एकत्रच कैदेत गेली.

वूलर यांना पुढे सिंगापूरच्या चांगी छावणीत आणण्यात आले. सिंगापूरचे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने परिचित आहे. आझाद हिंद फौजेची उभारणी याच शहरात झाली आणि २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा येथेच केली. भारतीयांच्या स्मृतीत जे शहर स्वातंत्र्याच्या घोषणेचे, तेच शहर ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या स्मृतीत उपासमारीचे आहे. एकाच शहरात, एकाच काळात, इतिहासाचे हे दोन प्रवाह शेजारून वाहत होते.

चांगीतील कैद्यांना मिळे तो मूठभर भात. जीवनसत्त्वांच्या अभावी बेरीबेरी होई, दृष्टी मंदावे, पाय सुजत. आमांश आणि हिवताप तर कायमचेच. येथून हजारो कैदी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर पाठविण्यात आले. त्या रेल्वेवर साठ हजारांहून अधिक युद्धकैदी राबले आणि त्यांतले बारा हजारांहून अधिक परतले नाहीत. मलायातून नेलेले तमिळ आणि इतर आशियाई मजूर तर याहून कितीतरी मोठ्या संख्येने मेले आणि त्यांची नावेही कुठे नोंदली गेली नाहीत. ऑस्ट्रेलियाचे यष्टिरक्षक बेन बार्नेट आणि पुढे लँकशायरकडून खेळलेले जेफ एडरिच यांच्याही वाट्याला चांगीचा बंदिवास आला. अशा अवस्थेतही तेथे क्रिकेटचे सामने होत आणि त्यांना कसोटी सामने म्हटले जाई. भुकेने वाळलेली माणसे धावा का काढत असतील, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या पुस्तकात मिळत नाही.

लेस स्पेन्स यांना पुढे जपानला नेण्यात आले. कैदेतही त्यांनी रोजनिशी लिहिली. पलटणीचे काय झाले हे आज आपल्याला कळते ते अशा लपवून ठेवलेल्या वह्यांमुळे. युद्धानंतर हेच स्पेन्स वेल्स रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले. वूलर यांनी मात्र या साडेतीन वर्षांचे भांडवल कधी केले नाही. सामन्यांच्या, भांडणांच्या, विजयांच्या कहाण्या ते रंगवून सांगत, पण छावणीविषयी क्वचितच बोलत.

सप्टेंबर १९४५ मध्ये सिंगापूर मुक्त झाले. वूलर मायदेशी परतले तेव्हा त्या धिप्पाड देहाचा नुसता सांगाडा उरला होता. वय बत्तीस. क्रीडांगणावरचा भरभराटीचा काळ निघून गेला होता. वरच्या दर्जाची रग्बी आता या शरीराला झेपणार नाही हे स्पष्ट झाले. वेल्ससाठी अठरा सामने, एवढ्यावर तो तक्ता बंद झाला. युद्धकाळात झालेला त्यांचा पहिला विवाहही टिकला नाही. १९४८ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केले आणि तो संसार अखेरपर्यंत सुखाने चालला.

कार्डिफला त्यांच्यासाठी आणखी एक बातमी होती. मॉरिस टर्नबुल आता नव्हते. वेल्श गार्ड्स पलटणीतले मेजर टर्नबुल ५ ऑगस्ट १९४४ रोजी नॉर्मंडीतील मोंशाँ गावाजवळ शत्रूच्या गोळीला बळी पडले होते. ट्विकेनहॅमच्या त्या विजयी संघातले हे दोन सैनिक. त्यांतला वयाने आणि अनुभवाने मोठा असलेला युरोपच्या मातीत गेला आणि मृत्यूच्या दारात साडेतीन वर्षे काढलेला धाकटा परत आला. टर्नबुल यांनी तगवलेला क्लब आता कुणी तरी हाती घ्यायला हवा होता.

१९४६ मध्ये जॉनी क्ले या ज्येष्ठ फिरकी गोलंदाजाने कर्णधारपद सांभाळले. याच उन्हाळ्यात भारतीय संघ कार्डिफला आला होता. डाव संपत आला तेव्हा ग्लॅमॉर्गनचा शेवटचा फलंदाज पीटर जज याचा त्रिफळा चंदू सरवटे यांनी उडविला. फॉलोऑन मिळाला. वेळ वाचविण्यासाठी दोन्ही कर्णधारांनी मध्यंतर टाळले आणि खेळपट्टीवर असलेल्या जोडीनेच दुसरा डाव सुरू करावा असे ठरले. सरवटे यांनी पुढच्याच चेंडूवर जजचा पुन्हा त्रिफळा उडविला. आपल्या सरवटे यांच्या नावावरचा हा विक्रम कार्डिफकर अजून विसरलेले नाहीत.

१९४७ मध्ये कर्णधारपद वूलर यांच्याकडे आले. टर्नबुल यांच्याप्रमाणेच चिटणीसपदही त्यांच्याकडेच होते. संघात नामांकित फलंदाज नव्हते, तुफानी गोलंदाज नव्हते. वूलर यांनी हिशेब मांडला तो असा : धावा थोड्या असतील तर एकही झेल सुटता कामा नये. फलंदाजाच्या अगदी जवळ, जिथे हेल्मेटशिवाय उभे राहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे, अशा जागी त्यांनी क्षेत्ररक्षकांचे कडे उभे केले. इतरांना सांगण्याआधी ते स्वतः तेथे जाऊन उभे राहिले. चेंडू अंगावर येई तरी ते हलत नसत. ज्याने चांगी पाहिले त्याला चेंडूचे भय काय वाटणार, असे म्हणण्याचा मोह होतो. पण खरी गोष्ट इतकी सोपी नसावी. वेळ वाया गेलेल्या माणसाची घाई त्यांच्या प्रत्येक निर्णयात दिसते. सामने निकाली व्हावेत म्हणून ते धोका पत्करीत आणि प्रतिस्पर्ध्याने टाळाटाळ केली की खवळत.

१९४८ च्या मोसमात कुणाच्या ध्यानीमनी नसताना ग्लॅमॉर्गन गुणतक्त्यात वर चढू लागला. लेन मन्सरची फिरकी, एम्रिस डेव्हिसची चिवट फलंदाजी, यष्टीमागे हेडन डेव्हिस आणि शॉर्ट लेगला अ‍ॅलन वॉटकिन्स. मोसमाच्या अखेरीस वूलर यांनी पन्नाशी गाठलेल्या जॉनी क्ले यांना पुन्हा बोलावून घेतले. १९२१ च्या पहिल्या मोसमापासून, सगळे पराभव अंगावर झेललेला हा गोलंदाज. २४ ऑगस्ट १९४८ रोजी बोर्नमथ येथे हॅम्पशायरचा डावाने पराभव झाला आणि काउंटी अजिंक्यपद प्रथमच वेल्समध्ये आले. दुसऱ्या डावात क्ले यांनी सहा बळी घेतले. अखेरचा फलंदाज पायचीत झाला आणि बोट वर करणारे पंच होते डाय डेव्हिस, स्वतः ग्लॅमॉर्गनचे माजी खेळाडू. निर्णय देताना पंचांनाही आपला आनंद लपविता आला नाही, असे सांगतात.

त्या संघातील अ‍ॅलन वॉटकिन्स १९५१-५२ मध्ये इंग्लंडच्या संघातून भारतात आले. दिल्लीच्या कसोटीत विजय मर्चंट यांनी १५४ आणि विजय हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या. भारताचा विजय समोर दिसत असताना वॉटकिन्स सुमारे नऊ तास खेळपट्टीवर ठाण मांडून बसले, नाबाद १३७ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राखला. वूलर यांच्या तालमीत तयार झालेला चिवटपणा काय असतो, हे भारतीय गोलंदाजांनी त्या दिवशी पाहिले.

वूलर यांनी १९६० पर्यंत संघाचे नेतृत्व केले. स्वतः ते कसोटी खेळले नाहीत, पण १३,५९३ धावा आणि ९५८ बळी ही त्यांची प्रथम श्रेणीतील कमाई मामुली नव्हे. १९५४ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी एकाच मोसमात हजार धावा आणि शंभर बळी अशी दुहेरी कामगिरी केली. कारकिर्दीच्या ऐन मध्यावर सहा मोसम गेले नसते तर हे आकडे काय असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. १९५५ ते १९६१ या काळात ते इंग्लंडच्या निवड समितीवर होते. १९७७ पर्यंत त्यांनी ग्लॅमॉर्गनचे चिटणीसपद सांभाळले. वृत्तपत्रांत रग्बीवर लिहिले, दूरचित्रवाणीवर समालोचन केले.

स्वभाव मात्र एकारलेला. पंचांशी वाद, पत्रकारांशी वाद, स्वतःच्या क्लबच्या समितीशी वाद. १९५८ मध्ये समितीशी असा खटका उडाला की त्यांचे पद जाते की काय अशी वेळ आली. पण सभासद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एकदा स्वान्सीला सॉमरसेटचा कर्णधार ब्रायन क्लोज याने सामन्यातली गंमतच घालविली, तेव्हा चिटणीस वूलर यांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला आणि ज्यांना कंटाळा आला असेल त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळतील असे जाहीर केले. विनोदी वाटणाऱ्या या प्रसंगामागे एक धारणा होती. खेळ हा लोकांसाठी असतो आणि लोकांचा वेळ फुकट घालविण्याचा अधिकार कुणालाही नाही, ही ती धारणा.

त्यांच्या दूरदृष्टीचे दाखलेही कमी नाहीत. १९६७ साली पाकिस्तान संघातील एका तरुणाने स्वान्सीला ग्लॅमॉर्गनविरुद्ध तेरा षटकारांसह नाबाद १४७ धावा केल्या. तो होता केंब्रिजच्या दिवसांतले मित्र जहांगीर खान यांचा मुलगा माजिद. पुढच्याच वर्षी तो ग्लॅमॉर्गनकडून खेळू लागला. १९६९ मध्ये टोनी लुईस यांच्या नेतृत्वाखाली ग्लॅमॉर्गनने एकही सामना न गमावता दुसऱ्यांदा अजिंक्यपद पटकाविले, तेव्हा त्या यशात माजिदचा वाटा मोठा होता. हेच लुईस १९७२-७३ मध्ये इंग्लंडचे कर्णधार म्हणून भारतात आले आणि कानपूरला त्यांनी शतक केले.

या चरित्राला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. अजिंक्यपदाच्या त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६९ मध्ये, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ स्वान्सीला खेळायला आला. सोबर्सने जिथे षटकार ठोकले त्याच सेंट हेलेन्सच्या मैदानात निदर्शक उतरले आणि स्वयंसेवकांनी त्यांना बेदम चोप दिला. वेल्सचे खेळाडू जॉन टेलर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिला. पीटर हेन या एकोणीस वर्षांच्या तरुणाने या आंदोलनाचे नेतृत्व केले. वूलर यांनी या साऱ्यांवर लेखणीने आणि वाणीने कडाडून हल्ला चढविला. खेळ आणि राजकारण यांची सरमिसळ नको, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यापुढे त्यांना दुसरे काही दिसत नव्हते.

भारतीय वाचकाला ही भूमिका पटणे शक्य नाही. १९७४ मध्ये डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठूनही भारताने दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला आणि चषकावर पाणी सोडले. ज्या माणसाने काटेरी तारांमागे साडेतीन वर्षे काढली, त्याला एका संपूर्ण देशाभोवती घातलेले रंगाचे कुंपण का दिसू नये, हा प्रश्न वूलर यांचे चरित्र वाचताना सतत बोचत राहतो. कदाचित छावणीत ज्या एका गोष्टीने माणसांना माणूस ठेवले, तो खेळ त्यांना साऱ्या जगाच्या पलीकडचा वाटत असावा. हे त्यांच्या भूमिकेचे कारण असेल. समर्थन नव्हे. काळाने निकाल निदर्शकांच्या बाजूने दिला. १९७० चा दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट दौरा रद्द झाला आणि पीटर हेन पुढे १९९१ मध्ये वेल्समधूनच खासदार म्हणून निवडून आले, २००२ मध्ये वेल्सचे मंत्री झाले.

वूलर यांचे चाहते आणि टीकाकार दोघेही त्यांच्या शेवटच्या वर्षांत एका गोष्टीवर एकमत होते. ग्लॅमॉर्गन म्हणजे वूलर. १९९१ मध्ये क्लबाने त्यांना अध्यक्ष केले. अ‍ॅण्ड्रू हिग्नेल यांनी १९९५ मध्ये त्यांचे चरित्र लिहिले आणि त्याला दुसरे कुठलेही नाव शोभले नसते. त्याचे नाव आहे ‘द स्किपर’, म्हणजे कर्णधार.

१० मार्च १९९७ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कार्डिफ येथे वूलर यांचे निधन झाले. सहा महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, टॉन्टनच्या मैदानावर मॅथ्यू मेनार्डच्या संघाने सॉमरसेटला हरवून तिसऱ्यांदा अजिंक्यपद जिंकले. १९३५ मध्ये आपण घडविलेला विजय वूलर यांना पेंढ्याच्या ढिगात पडून नुसता ऐकावा लागला होता. आपल्या क्लबचा हा विजय ऐकायलाही ते उरले नव्हते.

कार्डिफच्या नोंदवह्यांत आजही ते दोन तक्ते आहेत. रग्बीचा १९३९ ला थांबतो, क्रिकेटचा १९४६ ला पुन्हा सुरू होतो. मधल्या कोऱ्या जागेत धावा नाहीत, बळी नाहीत, ट्राय नाहीत. टर्नबुल यांचा तक्ता त्या कोऱ्या जागेपाशी कायमचा संपला. वूलर यांचा पुढे सुरू राहिला आणि त्यांनी तो दोघांच्या वतीने पूर्ण केला.